बायडाबाईचा गोलकीपर

आजरा
१२ जानेवारी २०२५

चि. बाबासो यास,
जय जिनेंद्र आणि आशीर्वाद.

पद्माची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा ती बांधते, की कपाटात घडी घालून ठेवते? सन्मतीचा खोकला गेला का? सूनबाईंचं पित्त? ऐश्वर्याची बारावी आली, पोरगी वेळेवर जेवते का? तुझी साखर किती आली तेही कळव. बाकीच्यांचं मनापासून विचारलंय, तुझं आपलं पद्धत म्हणून.

फोन करत नाही, कारण माझा उजवा कानही आता गेल्यात जमा आहे. फोनवर तू ओरडलास तरी मला ते लाडानं बोलल्यासारखं ऐकू येतं. कागदावर तुझा राग नीट दिसतो, म्हणून कागदच बरा.

परवा एस.टी.च्या पार्सलनं माझं बाड परत आलं. सुतळीची गाठ मी मारली होती तशीच्या तशी. काजूच्या पोत्यांना गाठी मारण्यात माझं आयुष्य गेलं. माझी गाठ कुणी सोडून पुन्हा बांधली तर मला डोळे मिटून कळेल. तू ती सोडलीच नाहीस.

बाबासो, ती माझी कादंबरी होती. चौथीतून शाळा सुटलेल्या बाईनं एकाहत्तराव्या वर्षी लिहिलेली. चटणी कांडपाची गिरणी चालवणारी बायडाबाई आणि तिचा गोलकीपर मुलगा केरबा. मिरचीचा हंगाम आणि फुटबॉलचा सीझन एकाच वेळी येतो, त्यामुळं आईनं मुलाचा खेळ कधी बघितलेलाच नाही, अशी गोष्ट आहे. गडहिंग्लजचा छापखानेवाला अक्षय तृतीयेला पुस्तक हातात देतो म्हणालाय. त्यासाठी मार्चअखेर कागद त्याच्याकडं पोचले पाहिजेत. अनेकांत म्हणतो, आई, देऊन टाक की. मी देत नाही. मी जन्मात स्टेडियमची पायरी चढलेली नाही. त्यातला फुटबॉल सगळा तुझ्या तोंडून ऐकलेला आहे. तो चुकला तर सगळं कोल्हापूर हसेल, आणि बाईला काय कळतंय म्हणेल. तू वाचून बरोबर म्हटल्याशिवाय ही कादंबरी छापायला जाणार नाही, हे मी अनेकांतला सांगून टाकलंय.

एकोणीसच्या पुराच्या सालापर्यंत आपलं बरं चाललं होतं. मी वाचलेली कादंबरी तुला, तू वाचलेली मला. समासात पेन्सिलनं भांडायचो. तू लिहायचास, ‘ही बाई मूर्ख आहे.’ मी खाली लिहायची, ‘मूर्ख नाही, एकटी आहे.’ त्या सालानंतर मी पाठवलेलं प्रत्येक पुस्तक कोरं परत आलं, कारणही कधी सांगितलं नाहीस. मला वाटलं, म्हातारपणी माणूस कोरडा होतो. पण हे माझं स्वतःचं लिहिलेलं होतं रे. त्याची तरी गाठ सोडायचीस.

आक्का

•

कोल्हापूर
२१ जानेवारी

आक्का,
जय जिनेंद्र.

पद्मा पट्टा बांधत न्हाय. सन्मतीचा खोकला गेला. सुनेचं पित्त हाय तसं हाय. ऐश्वर्या जेवते, वर सगळ्यांना शिकवते. माझी साखर वाढली, आणि ती कशानं वाढली ते खाली वाच.

बाड परत पाठवलं कारण मला वेळ न्हाय. फुटबॉलचा सीझन सुरू हाय. तुला तिकडं काजू सोलत बसून कळायचं न्हाय, बुरूज तालमीच्या माणसाला डिसेंबर ते मार्च दुसरं काही सुचत नसतंय. दुकानात गिऱ्हाईक कळशी मागतंय आणि मी त्याला तांब्या देतोय, अशी गत हाय.

परवा चिंचकट्टा तालमीबरोबर सामना झाला. पहिल्या हाफमध्ये आमचा एक गोल वर. गोव्याचा फॉरवर्ड आणलाय. आल्यापासून जेवतोय बघण्यासारखा. दुसऱ्या हाफमध्ये त्याच्या मांडीला गोळा आला आणि तो असा पडला की जसं काय त्याला कुणी गोळी घातली. बदली गडी संपलेले, तिथनं पुढं दहा माणसं खेळली. शेवटच्या मिनिटाला लाईनमनचा झेंडा वर जायला पायजे होता तो गेला न्हाय. बरोबरी. कट्ट्यावर त्यांच्यातला केशवराव म्हणाला, “बाबासो, तुमची तालीम हरत न्हाय, जिंकायचं विसरती.” मी त्याच्याशी बोलत न्हाय.

तुझ्या कादंबरीचं म्हणशील तर, आजऱ्यात शिकलेली माणसं काय कमी हायत? मास्तर हायत, लायब्ररीवाला हाय. त्यांना दाखव. माझ्याकडं आता ते खूळ न्हाय. नसलेल्या माणसांची नसलेली दुःखं वाचून रडायचं वय गेलं माझं. पुन्हा पाठवू नकोस. पाठवलंस तर तसंच परत येईल.

बाबासो

•

आजरा
३० जानेवारी

बाबासो,

‘खूळ’ हा शब्द तू विचार करून लिहिलास का? तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा यासाठी की, हे लिहिणारा माझाच भाऊ ना, ते बघावं.

आईनं मला शाळेतून काढलं तेव्हा मला वाचता येत होतं, पण भराभर नाही. अक्षरावर बोट ठेवून वाचायची. तू तालमीच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणायचास, सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून. पुस्तकाला तुझ्या घामाचा वास यायचा. भाकरी करता करता मी वाचायची आणि तू तव्याकडं लक्ष ठेवायचास. मी शिकले ती अशी. मला शाळा नव्हती, तू होतास. आणि आज तूच मला शिकलेल्या माणसांचा पत्ता देतोस.

नसलेल्या माणसांची दुःखं म्हणे. मग ऐक. तुझे दाजी गेले तेव्हा समाचाराला अख्खं गाव येऊन गेलं. जो तो सांगून गेला, वेळ जाईल तसं बरं वाटेल. एकानंही माझ्या मनातलं सांगितलं नाही. ते मला एका कादंबरीतल्या म्हातारीनं सांगितलं. ती नवऱ्याच्या चपला रोज उन्हात ठेवायची, दमट होऊ नयेत म्हणून. ते वाचलं आणि मला कळलं की मी वेडी झालेली नाही, मीही तेच करते आहे. नसलेल्या म्हातारीनं मला सांभाळलं, असलेल्या भावाला सीझन होता. कादंबरी वाचताना मी दुसऱ्याच्या घरात शिरते, त्यांची भांडणं ऐकते आणि कुणी मला चहा ठेवायला लावत नाही. या वयात बाईला याहून मोठं सुख काय पाहिजे?

आणि तुझा तो संघ काय मोठा खरा आहे? फॉरवर्ड गोव्याचा, स्टॉपर केरळचा, तुमच्या पेठेचं आहे काय त्यात? नुसता बनियनचा रंग. त्या रंगासाठी तू केशवरावांशी बोलणं टाकतोस. तुझी साखर गोळ्यांनी उतरायची नाही, ती केशवरावांशी बोललास की उतरेल.

बाड आता कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलंय. छापायचं नाही म्हणून मी छापखान्यात निरोप दिला. तू जिंकलास. तुझ्या तालमीला जमत नाही ते तुला तरी जमलं. काजूचा डबा पाठवणार होते, तो कामवाल्या बाईच्या नातवाला दिला. तो निदान चावून खाईल.

उत्तर लिहू नकोस.

चंदना

•

कोल्हापूर
१४ फेब्रुवारी

ती. वन्संना पद्माचा नमस्कार. जय जिनेंद्र.

हे पत्र मी दुकानात बसून लिहिते. हे स्टेडियमवर गेल्यात. माझं अक्षर वाईट हाय, सांभाळून घ्या. माझी कंबर बरी हाय, पट्टा बांधते, हे खोटं सांगतात.

वन्सं, तुमचं पत्र आल्यापास्नं हे दोन वेळचं नीट जेवलं न्हायत. मला सांगायची बंदी हाय. पण आता मला बघवंना, म्हणून सांगते. रागावू नका, आणि मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका.

पुराच्या साली बस्तीत देवदर्शनाला गेलेलो, महाराज आलते. चातुर्मास होता. सगळी नियम घेत होती. कुणी बटाटा सोडला, कुणी रात्रीचं पाणी सोडलं. मी कांदा सोडला. हे माझ्या शेजारी हात जोडून उभे ऱ्हायले आणि म्हणाले, मी कादंबरी वाचायचं सोडतो. महाराजांना पण जरा आश्चर्य वाटलं. म्हणाले, किती दिवसांसाठी? हे म्हणाले, मनात धरलंय ते होईपर्यंत. महाराजांनी आशीर्वाद दिला. बाहेर आल्यावर मी विचारलं, मनात काय धरलंय? तर म्हणाले, बुरूज तालमीनं कप आणेपर्यंत.

मी तिथंच चपला घालता घालता कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो, असं असतंय काय. तर म्हणाले, सगळ्यात आवडतं ते सोडायचं असतंय, आणि सांगितलं तर फळ जातंय, कुणाला बोललीस तर बघ. तवापास्नं एक कादंबरी वाचली न्हाय त्यांनी. तुम्ही पाठवलेली पुस्तकं आली की हातात घेतात, वास घेतात, आणि पुन्हा बांधून ठेवतात. पुस्तकाच्या दुकानावरनं जायचं टाळून लांबच्या बोळानं येतात.

तुमचं बाड आलं तेव्हा आठवडाभर ते देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर होतं. हे त्याच्यासमोरनं सारखे हेलपाटे घालत होते. एकदा गाठीला हात लावला आणि झटकला. त्या दिवशीच म्हणाले, पद्मा, हे घरात ठेवलं तर माझ्याच्यानं ऱ्हावणार न्हाय, परत पाठव. मीच स्टँडवर नेऊन दिलं.

तुम्हाला कोरडे वाटतात ते. कोरडे न्हायत, गाढव हायत. पण काय करणार, नियम घेतलाय.

आपली,
पद्मा

•

आजरा
२२ फेब्रुवारी

बाबासो,

उत्तर लिहू नकोस म्हटलं तर तू खरंच लिहिलं नाहीस. सांगितलेलं ऐकायची तुला कधीपासून सवय लागली?

मी आता तुला कादंबरी पाठवणार नाही. तो विषय संपला. तुला ते खूळ नाही, ठीक आहे. पण बहीण आहे, चार गोष्टी बोलल्याशिवाय मला राहवत नाही आणि ऐकू येत नाही म्हणून लिहिल्याशिवाय बोलता येत नाही. तेव्हा यापुढं मी तुला पत्रातून माझ्या ओळखीच्या एका बाईची हकिकत कळवत जाईन. हे पत्र आहे. बहिणीचं पत्र वाचू नये असा काही तुझा नेम असेल तर तसं स्पष्ट कळव, म्हणजे मी समाजात चार माणसांना विचारते की असा नेम असतो का.

बाईचं नाव बायडाबाई. पेठेत तिची चटणी कांडपाची गिरणी आहे. तिच्याबद्दलची सगळी हकिकत सोबतच्या कागदांवर आहे. कागद जरा जास्त झालेत, पण पत्र लांबतं कधी कधी. या पत्रात हकिकत तिथपर्यंत आली आहे जिथं तिचा मुलगा केरबा पहिला सामना खेळतो आणि ती गिरणीत बसून पब्लिकच्या ओरडण्यावरून गोल कुणाचा झाला ते ओळखायचा प्रयत्न करते.

एक विचारायचं होतं. केरबा तिथं जे जे करतो ते गोलकीपर करतो का? एवढंच कळव. बाकी मत नको, तुझ्या मताचा मला कंटाळा आहे.

आक्का

•

कोल्हापूर
३ मार्च

आक्का,

तुझं पत्र मिळालं. लांबलचक होतं. पत्र म्हटल्यावर वाचावं लागतंय, आलेलं पत्र न वाचता ठेवणं बरं दिसत न्हाय. म्हणून वाचलं. दुसरं काही कारण न्हाय.

हा तुझा केरबा कुठल्या गावचा गोलकीपर हाय? मी वाचताना दोनदा उठून उभा ऱ्हायलो. तो बॉल पकडायला पार मैदानाच्या मध्यापर्यंत पळत जातो आणि हातानं उचलतो. अगं, गोलसमोरच्या डीच्या बाहेर गोलकीपरनं हात लावला की फाऊल. वर कार्ड. तू त्याला टाळ्या दिल्यास. पुढं आपल्याच स्टॉपरनं पायानं मागं दिलेला बॉल हा शहाणा हातात घेतो. तेही चालत न्हाय. आणि त्याचा बनियन बाकीच्या गड्यांच्याच रंगाचा. गोलकीपरचा रंग वेगळा असतोय हे शेंबड्या पोराला ठावं हाय. माझ्या तोंडनं चाळीस वर्षं ऐकून हे शिकलीस व्हय तू? हे छापलं असतंस तर चिंचकट्ट्याच्या लोकांनी पानं फाडून भेळ खाल्ली असती.

आणि बायडाबाई. ती गिरणीत बसून ओरडण्यावरनं ओळखती ते बरं हाय. गोल झाला की आवाज एकदम फुटतोय, चुकला की आवाज वर जाऊन खाली येतोय, ते बरोबर लिहिलंस. ते कुणी सांगितलं तुला? मी न्हाय सांगितलं. पण तिच्या तोंडाला रुमाल बांधलेला दाखव. मिरची कांडताना कोण उघड्या तोंडानं बसतंय?

आणि ती केरबाला एकदा तरी रागावती का न्हाय? नुसती बसून ऱ्हाती. एवढी सोसणारी बाई मला पटत न्हाय. आपल्या घरात अशी कोण होती सांग.

आमचं म्हणशील तर सेमीफायनलला आलोय. गोव्याचा मांडीला पट्टी बांधून खेळतोय. कट्ट्यावर सगळे म्हणतात यंदा हाय. मी काय म्हणत न्हाय. मी म्हटलं की घात होतोय.

पुढचं पत्र लवकर टाक. म्हणजे काही हकिकत असली तर.

बाबासो

•

आजरा
११ मार्च

बाबासो,

चुका दुरुस्त केल्या. बनियन पिवळा केला. केरबाला डीच्या आत कोंडलाय, आता समाधान झालं? बॉल तो पायानंच लांब मारतो. रुमालाचं तू सांगायची गरज नव्हती. मी कांडपाला गेलेली बाई आहे, तू नव्हे. रुमाल तिनं मुद्दाम काढलेला आहे, आवाज नीट ऐकू यावा म्हणून. एरवी कानावरून घेऊन बांधते ती. पुढच्या पानावर ती ठसकते, तेही तू वाचलंस ना? मग? मिरची नाकात जात असताना ती रुमाल काढते, हेच तिचं प्रेम आहे. हे तुला सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं. पूर्वी तुला सांगावं लागत नव्हतं. हात गंजलाय तुझा.

सोसणारी बाई पटत नाही म्हणतोस. रागावते ती. सोबतच्या कागदांत आहे. जपून वाच, तुझ्यासारख्यालाच रागावते.

आता माझी तक्रार ऐक. तू मला सामन्यांबद्दल लिहितोस, त्यात माणूसच नसतो. हरलो, लाईनमन आंधळा, मांडीला गोळा. झालं. त्या गोव्याच्या पोराचं नाव काय? घरी कोण असतं त्याच्या? मांडीला पट्टी बांधून तो कशासाठी खेळतोय? तुला ठाऊक नाही, कारण तू विचारलंच नाहीस. एवढी वर्षं कादंबऱ्या वाचून तुला एवढंही विचारता येत नसेल तर तू वाचलंस काय? तुझ्या तालमीवरचं माझं प्रेम तू तुझ्या पत्रांनी मारलंस.

फायनल तेवीस तारखेला आहे असं पेपरात वाचलं. तोवर शेवटचे कागद पोचतील. हकिकत तिथंच संपते, बायडाबाई गिरणी बंद करून फायनलला जाते तिथं. हवं तर आधी वाच, हवं तर नंतर. तुझ्या हरण्याचं खापर माझ्यावर फोडायचा विचार असेल तर नंतरच वाच.

आक्का

•

कोल्हापूर
२७ मार्च

आक्का,
जय जिनेंद्र.

त्याचं नाव सेबी. घरी आई आणि दोन बहिणी. बाप समुद्रावर गेला तो आला न्हाय. सामन्याच्या आदल्या दिवशी तालमीत जाऊन मुद्दाम विचारलं, तुझ्या टोमण्यामुळं. ते विचारायला नको होतं. कारण फायनलच्या सडनडेथला तोच चुकला, आणि मला त्याला शिव्या देता आल्या न्हायत. माझ्या आजूबाजूला सगळी देत होती. तू माझा सामना बघण्याचा आनंद घालवलास.

हरलो. तुला पेपरात दिसलंच असेल. पूर्ण वेळ बरोबरी, टायब्रेकर बरोबरी, मग एकाला एक शॉट, त्यात सेबीनं बारवर मारला आणि चिंचकट्ट्याच्या पोरानं गोल केला. आमचा गोलकीपर उजवीकडं पडला, बॉल डावीकडं गेला. स्टेडियमवरनं मी चालत आलो. पोलिसांनी काठ्या काढल्या होत्या. एका हातात चप्पल होती, तुटलेली. केशवराव वाटेत भेटला. तो नुसता माझ्याबरोबर चालला. आता म्हणू नकोस की माणूस दिसत न्हाय.

घरी आल्यावर तुझे शेवटचे कागद उघडले. म्हटलं, इथं तरी बरं असेल.

आक्का, तू काय केलंस हे? बायडाबाई आयुष्यात पहिल्यांदा गिरणी बंद करती. तिखटाचे हात, कुठं पुसू कळत न्हाय. गेटवरचा माणूस पावणी म्हणून आत सोडतो. पायऱ्यांवर एक अनोळखी माणूस तिला जागा करून देतो. मी वाचत होतो आणि माझं पण पाय हलत होते. सडनडेथ. केरबाचा गडी चुकलेला. समोरचा शॉट मारायला येतो. केरबा एकदा पायऱ्यांकडं बघतो आणि त्याला आई दिसती. आणि तू गोल करवलास.

अडवता आला असता. माझ्या तालमीचं सोड, तिथं माझ्या हातात काय न्हाय. मी ओरडू शकतो, एवढंच. पण तुझ्या हातात पेन होतं. तुला कोण रेफ्री न्हाय, लाईनमन न्हाय, गोव्याचा गडी न्हाय. हात लांब करायचा एवढंच लिहायचं होतं. तरी हरवलंस. एवढी दुष्ट बाई मी बघितली न्हाय. मी कागद टाकून गच्चीवर गेलो आणि पद्मा मागनं आली आणि म्हणाली, कोण गेलं? तिला वाटलं गावाकडं कुणी गेलं.

मी जिंकव म्हणत न्हाय. केरबानं कप आणावा असं काय म्हणणं न्हाय माझं. नुसता अडव. मग पुढचा शॉट, मग त्याच्या पुढचा. सामना चालू ऱ्हाऊ दे, ती बाई बसलेली असू दे. छापायला द्यायच्या आधी एवढं बदल. बाकी फुटबॉल बरोबर हाय. छाप.

दुसरी गोष्ट. मला काय दूधखुळा समजू नकोस. पद्मानं तुला कळवलंय हे मला तुझ्या पहिल्या ‘हकिकती’ला कळलं. नेम असेल तर कळव म्हणे. मी समजून गप्प बसलो, कारण पत्र हे पत्र असतंय, आणि मी नियमात पत्र म्हटलेलं न्हाय. पण छापून आल्यावर ते पुस्तक. ते मी उघडणार न्हाय. नियम तसाच हाय. पुढचा सीझन डिसेंबरला.

माझी साखर वाढली. तुझ्यामुळं.

बाबासो

•

आजरा
२८ एप्रिल

चि. बाबासो यास,
जय जिनेंद्र आणि आशीर्वाद.

पुस्तक आलं. छापखानेवाल्यानं शब्द पाळला, अक्षय तृतीयेच्या दहा दिवस आधीच गठ्ठे दारात. मुखपृष्ठावरच्या बायडाबाईच्या चित्रात त्यानं तिच्या हातात मुसळ दिलंय, मशीनवर बसणारी बाई आहे ती, पण आता काय बोलणार. केरबाचा बनियन मात्र पिवळा आहे. इथल्या वाचनालयात परवा कार्यक्रम झाला. एका मास्तरांनी भाषणात सांगितलं, लेखिकेची फुटबॉलची जाण आश्चर्यकारक आहे. मी मान खाली घालून बसले होते, लोकांना वाटलं विनयानं.

तुझ्या पत्राचा राग आलाय, तो आधी काढते. मला दुष्ट म्हणालास. माझ्या हातात पेन होतं म्हणालास. पेन हातात असलं की वाटेल ते होतं, असं तुला अजून वाटतं? चार दिवस मी तेवढंच एक पान घेऊन बसले होते. अनेकांतला वाटलं मला बरं नाही. बायडाबाई त्या पायरीवर बसली होती आणि माझ्याकडं बघत होती, लिही म्हणून. मी तिला काय उत्तर दिलं, केरबानं अडवला की नाही, ते तुला या पत्रात सांगणार नाही. ते पुस्तकात आहे, शेवटच्या पानावर.

आणि नियमाबद्दल. महाराजांसमोर हात जोडून तू तोंडानं एक म्हणालास आणि मनात दुसरं धरलंस. त्याग करताना कुणी असा सौदा करतं का? कांदा सोडणाऱ्या पद्माला विचार, तिनं बदल्यात काय मागितलं होतं. तुझं चुकलं आणि ते मी तुला तोंडावर सांगणार आहे, कान नसले तरी तोंड आहे मला. पण नियम मोड असं मी म्हणणार नाही. घेतलास तो घेतलास. आपल्या घरात घेतलेलं कुणी टाकलेलं नाही.

तेव्हा आता ही हकिकत पत्रातून मिळायची नाही. सोबत पुस्तकाची प्रत पाठवते आहे, सुतळी बांधून. या वेळी ती परत पाठवायची नाही, घरातच ठेवायची, तुझ्या डोळ्यांसमोर. पद्माला वेगळी प्रत पाठवली आहे. तिनं वाचलीय, आणि शेवट काय ते ती तुला सांगणार नाही. एकदा तिनं तुझं गुपित मला सांगितलं, त्याची ती भरपाई आहे, असं मी तिला बजावलंय. ऐश्वर्याकडूनही शपथ घेतलीय. केशवराव पुस्तक मागायला आले तर दे, पण त्यांच्या तोंडाकडं बघू नकोस.

शेवट बघायचा असेल तर कप आणा. सेबीला पुन्हा बोलावताय का ते तालमीत विचार. बोलावत नसाल तर भांडून बोलावून घे, चुकलेल्या माणसाला दुसरी संधी मिळते का तेवढं मला बघायचं आहे. तुमच्या गोलकीपरला सांग, कोल्हापुरात एक म्हातारा त्याच्या हाताकडं डोळे लावून बसलाय, त्याला एक पान वाचायचं आहे.

मी अजून चिडलेलीच आहे. पत्राचं उत्तर ताबडतोब लिही, डिसेंबरपर्यंत वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
आक्का